शहागंजची तर्री आणि माझी एक नोंद

गेल्या पावसाळ्यात एक संशोधक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मराठवाड्यातल्या शहरांच्या खाण्यापिण्यावर तिचं पीएच.डी.चं काम चाललं आहे. पिशवीतून तिनं एक झेरॉक्स काढली आणि विचारलं, "सर, हा लेख तुमचाच ना?"

लेख माझाच होता. १९८८ साली इथल्या एका स्मरणिकेसाठी शहराच्या जुन्या बाजारपेठांवर लिहिलेला. त्यातली दोन वाक्यं तिनं पिवळ्या शाईनं रंगवली होती. शहागंजच्या मशिदीमागच्या गल्लीत शिरलं की उबग आणणारा वास येतो आणि देगेवर तरंगणारी लालभडक तर्री पाहून सुसंस्कृत माणसाची भूक मरते, असं मी तिथं लिहून ठेवलं होतं. मुलीला ही वाक्यं 'समकालीन साक्ष' म्हणून प्रबंधात घ्यायची होती. साल, पृष्ठक्रमांक, सगळं तिनं व्यवस्थित टिपलेलं.

पस्तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की साधन हाती आलं की आधी लिहिणारा कोण ते पाहा. तो कुठे बसून लिहितो, कुणासाठी लिहितो आणि काय गाळतो ते पाहा. आता मीच साधन होऊन समोर पडलो होतो. तिला म्हणालो, "आठ दिवस थांब. या वाक्यांना एक पुरवणी जोडायची राहिली आहे." आठ दिवसांचे तीन महिने झाले. ती पुरवणी म्हणजे हा लेख.

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या बाजूला. कांदा-लसूणही चातुर्मासात बंद होणारं घर. तिथून शहागंज चालत पंधरा मिनिटांवर, पण लहानपणी आमच्यासाठी शहागंज म्हणजे भाजीबाजार, घड्याळाचा टॉवर आणि गांधीजींचा पुतळा एवढंच. मशिदीच्या पलीकडच्या गल्ल्या आमच्या नकाशात नव्हत्या. ही मशीद साधारण १७२०च्या सुमाराची, म्हणजे औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) दख्खनच्या सुभ्याचं मुख्य ठिकाण असतानाची. भोवतीचा बाजार तिच्याइतकाच जुना.

कॉलेजात माझा एक मित्र या गल्ल्यांमधला होता. त्याच्या वडिलांची नानची भट्टी होती. १९७३च्या फेब्रुवारीत त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं आणि मी घरी न सांगता जेवायला गेलो. आमच्या शहरात मुसलमानांच्या लग्नात नान-कलिया नसेल तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. मोठमोठ्या देगा लाकडांवर चढवलेल्या, त्यात मटणाचा कलिया, वर बोटभर लाल तेलाची तर्री. समोर थाळी आली. मित्र म्हणाला, "पैले तर्री में डुबा." मी नानचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, आणि चरबीचा तो उष्ण, जड, अनोळखी वास टाळूला लागताच उठलो. टॉवरजवळच्या गटारीपाशी पोचेपर्यंत कसाबसा दम धरला. मागोमाग मित्र आला. पाठ चोळत होता आणि हसतही होता.

१९८८च्या लेखातला वास तो हाच. तिथपर्यंत माझी साक्ष खरी आहे. पुढचं मी लिहिलं नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. ७२ साली पाऊस गेला आणि मराठवाडा करपला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना 'मिलो' हा शब्द सांगावा लागणार नाही. इतरांसाठी सांगतो : रेशनवर मिळणारी, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिचं पीठ चिकट होत नसे. आई उकळत्या पाण्यानं मळायची, तरी भाकरी थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना मधोमध तुटायची. रंग विटेसारखा आणि चव गोणपाटासारखी. घशाखाली उतरताना घास कुसळासारखा टोचायचा. "तिकडे हे डुकरांना घालतात म्हणे," असं रेशनच्या रांगेत रोज कुणीतरी म्हणायचं, आणि पिशवी भरून घेऊन जायचं. खेड्यांत बाया-बाप्ये खडी फोडत होते. त्यांना कामावर सुकडी मिळायची. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात अशा दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वाईट अन्नाच्या आठवणी प्रत्येक जातीच्या, प्रत्येक धर्माच्या वेगळ्या असतात, पण मिलोची आठवण मराठवाड्यात सगळ्यांची एकच आहे. मी ब्राह्मणांकडून, मराठ्यांकडून, नागसेनवनातल्या सहकाऱ्यांकडून आणि शहागंजातल्या बागवानांकडून ती अगदी सारख्या शब्दांत ऐकली आहे.

लग्नानंतर दोन दिवसांनी मित्र आमच्या दारात उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेले सहा नान. त्याच्या अम्मीनं पाठवले होते. निरोप असा : "सालन नै जमता तो नै जमता, नान तो खाताय ना?"

इथला नान उत्तरेकडच्या नानसारखा नसतो. गव्हाच्या पिठाचा, जाडसर, आणि भट्टीत जाण्याआधी त्याच्या पाठीवर हळद आणि गुळाचं पाणी फिरवलेलं. त्यामुळे तो पिवळा, चकचकीत दिसतो आणि किंचित गोडसर लागतो. दोन-तीन दिवस मऊ राहतो. आईनं ते गाठोडं ओसरीवरच ठेवून घेतलं. त्या रात्री कुणी शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण मिलोची भाकरी समोर घेऊन रडत बसली, तेव्हा आईनं एक नान उचलला, चुलीवर धरून गरम केला आणि तिला चहात बुडवून दिला. मग मला दिला. आजीला सांगायचं नाही असं ठरलं. मला वाटतं, आजीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यानंतर पाऊस पडेपर्यंत, म्हणजे चारेक महिने, आठवड्यातून दोनदा नान येत राहिले. दुष्काळ त्यांच्याही घरी होता. भट्टी निम्म्या दिवसांत बंद असायची. एवढी गोष्ट मी १९८८ साली गाळली. जागा कमी होती असं म्हणता येणार नाही. त्याच लेखात पैठणी आणि हिमरूवर मी पाऊण पान खर्च केलं आहे.

किळस काही एकाच बाजूनं वाहत नव्हती, हेही सांगायला हवं. पुढच्या गणपतीत मित्र आमच्याकडे जेवायला आला. अळूचं फदफदं होतं. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, चिंच, गूळ, सगळं यथासांग. पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला टॉवरजवळची गटार आठवली. बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "वो मीठा था के खट्टा? और इतना फिसलता कायको था?" जिभेला बुळबुळीत लागणाऱ्या अन्नाशी त्याचं आजही जमत नाही. भेंडीची रस्साभाजीसुद्धा त्याला चालत नाही. फरक एवढाच की त्यानं त्यावर लेख लिहिला नाही.

आता थोडं जुन्या साधनांकडे वळतो.

नान-कलिया मुहम्मद बिन तुघलकाच्या लष्कराबरोबर आला, असं शहागंजात कुणीही सांगेल. १३२७च्या सुमारास सुलतानानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. हजारो माणसांना एकदम खाऊ घालायचं, म्हणून भट्टीतला टिकाऊ नान आणि देगेतला कलिया. कथा छान आहे आणि तिचा अर्धा भाग पटण्यासारखाही आहे. पण थाळीतली लाल तर्री तुघलकाची असू शकत नाही. मिरची मुळात अमेरिका खंडातली. ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली, म्हणजे सोळाव्या शतकात. अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं दिली आहेत. त्यात कलियाही आहे : मांस, तूप, कांदा, मिरी, लवंग, वेलदोडे, मीठ. लाल काहीच नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बादशाही कलिया असा होता, तर चौदाव्या शतकातल्या शिपायाच्या वाट्याला तर्री कुठून येणार? ज्या रंगानं माझी भूक मारली तो रंग या पदार्थात बऱ्याच उशिरा, इथेच कधीतरी मिसळला. आणि त्याला नाक मुरडणारे आम्ही एकादशीला जी साबुदाण्याची खिचडी खातो, तिच्यातला साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा आणि मिरची हे तिघेही त्याच अमेरिका खंडातले. शुद्धतेच्या बाबतीत इतिहासाची मदत मागू नये. तो कुणालाच मदत करत नाही.

राजधानीच्या त्या स्थलांतराचं वर्णन झियाउद्दीन बरनीनं केलं आहे, आणि त्यात अन्नापेक्षा कबरी जास्त आहेत. आलेल्या लोकांना ही भूमी मानवली नाही, देवगिरीच्या चहूबाजूंना कबरस्तानं उठली, असं तो सांगतो. इसामीनं १३५०च्या सुमारास दौलताबादेत बसून 'फुतूह-उस-सलातीन' लिहिलं. त्याचे नव्वदीचे आजोबा या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर गेले. नान-कलियाच्या गोड कथेत हे आजोबा कुणी आणत नाही.

याच दौलताबादेत इब्न बतूता आला. त्यानं इथल्या माणसांचं जेवण पाहिलं आणि लिहून ठेवलं. मराठ्यांमधल्या वरच्या जातींबद्दल तो म्हणतो, यांचं अन्न म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचं तेल. प्राण्यांना मारणं यांना आवडत नाही आणि जेवणाआधी हे आंघोळ करतात. नोंद आदराची आहे. पण तो ज्यांच्या पंक्तीजवळून गेला तेवढ्यांचीच आहे. चौदाव्या शतकातला महारवाडा, मांगवाडा, कोळ्यांच्या वस्त्या, धनगरांचे तळ त्याच्या वाटेवर आले असतीलच, पण त्यांच्या ताटात काय होतं हे त्याच्या वहीत नाही. त्यापेक्षा किल्ल्यातल्या तुरुंगाचे उंदीर त्याच्या वहीत जास्त जागा घेतात. ते मांजरापेक्षा मोठे होते, मांजरं त्यांना भीत आणि खंदकात टाकलेल्या एका कैद्याची बोटं नि डोळे त्यांनी खाल्ले, असं त्याला सांगण्यात आलं.

हे उंदीर वाचताना मला नेहमी एक दुसरं पुस्तक आठवतं. इब्न बतूताच्या दोनशे वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, 'मानसोल्लास' रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. १९५६पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तेव्हा या राजाच्या स्वयंपाकघराला मी मराठवाड्याचं स्वयंपाकघर म्हटलं तर कुणी हरकत घेऊ नये. ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत 'अन्नभोग' नावाचा भाग आहे. त्यात वडे आहेत, धोसका आहेत, इडरिका आहेत, आणि आपल्याकडच्या 'प्राचीन भारतीय आहारा'वरच्या लेखांत त्यांचाच उल्लेख असतो. त्याच भागात पुढे शेतात आणि नदीकाठी सापडणाऱ्या काळ्या उंदरांची कृती आहे. शेपटीनं धरून कढत तेलात बुडवायचे, केस गेले की गरम पाण्यात धुवायचे, पोट साफ करायचं आणि मग आवळा नि मीठ घालून शिजवायचे. किंवा निखाऱ्यावर भाजून वर जिरं, सुंठ भुरभुरायची. कासवाची कृती आहे. काळजाचे सुपारीएवढे तुकडे भाजून दह्यात किंवा मोहरीत घालायची आहे. आतडी धुऊन, भरून, निखाऱ्यावर परतायची आहे. भाषा संस्कृत, छंद अनुष्टुभ, सांगणारा राजा. तिथं किळस नावालाही नाही. उलट बारकाईनं, चवीनं सांगितलं आहे.

मी हा ग्रंथ १९८८च्या आधीच वाचला होता. बडोद्याच्या गायकवाड मालेतली प्रत ग्रंथालयात होती आणि मी 'अन्नभोगा'वर टिपणंही काढली होती. माझ्या त्या टिपणांत इडरिका आहे. उंदीर नाही, आतडी नाहीत. कुणी गाळायला सांगितलं नव्हतं.

राजानं खाल्लेली आतडी शास्त्र झाली. तीच आतडी, तेच काळीज, तेच रक्त या प्रदेशातल्या शेकडो गावांत वेशीबाहेरच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या शिजत होतं; पण त्याची कृती कुणी अनुष्टुभात बांधली नाही, आणि गद्यातही फार उशिरा आली. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या मुलखातलं महार-मांगांचं जेवण त्यांनी कृतींसकट लिहिलं : रक्ती, वजडी, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, येसूर घातलेली कालवणं. तेल कमी, दूध-तूप जवळपास नाहीच, मसाला असेल तो. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि दोन वेळा मिटून ठेवलं. दुसऱ्या वेळी मिटण्याचं कारण पदार्थ नव्हता. आपण इतिहासाचे प्राध्यापक, आयुष्यभर याच जिल्ह्यांत हिंडलो, मोडी कागद गोळा केले, पण कुणाच्या चुलीवर काय आहे हे विचारायला कधी वाकलो नाही, हे लक्षात आलं होतं.

या पुस्तकाबद्दल मी नागसेनवनातल्या एका जुन्या सहकाऱ्याशी बोललो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये इथं जे महाविद्यालय सुरू केलं, तिथं ते शिकले. मी जरा उत्साहात होतो. म्हणालो, "तुमच्या घरच्या अशा कृती लिहून ठेवा ना. केवढा ठेवा आहे हा." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आजीनं मेलेल्या जनावराचं मांस सोडलं ते १९२७च्या महाडनंतर, बाबासाहेबांचं ऐकून. तुम्हाला घाण वाटतं म्हणून नाही सोडलं तिनं. ते खायला लावलं होतं म्हणून सोडलं. आता तुम्हाला ठेवा वाटतो म्हणून मी परत आठवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पाटोळे लिहितात ते खरं आहे आणि माझे सहकारी लिहीत नाहीत तेही खरं आहे. त्या दोघांच्या मध्ये मी, माझं पिवळ्या शाईतलं 'सुसंस्कृत' घेऊन उभा.

कागदावर उतरणारी गोष्ट आधी ज्याच्या हाती कागद आहे त्याची असते, हे अन्नाच्या बाबतीत फार ठळक दिसतं. बादशहाची जीभसुद्धा आपल्याला त्याच्या पत्रांतून कळते. औरंगजेबानं एका पत्रात मुलाकडच्या हिवाळ्यातल्या खिचडी-बिर्याणीची चव काढली आहे आणि आपण मागितलेला आचारी त्यानं दिला नाही अशी तक्रारही केली आहे. ज्याचं नाव या शहरानं साडेतीनशेहून अधिक वर्षं वागवलं, तो एका आचाऱ्यासाठी हळहळतो हे वाचून मला तो पहिल्यांदा माणसासारखा वाटला. पण शहागंजच्या भट्टीवर पहाटे तीनपासून पीठ मळणाऱ्याला बिर्याणी आवडायची की नाही, कुणाला ठाऊक?

मार्च २०१५मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात लागू झाला आणि बैलाचं मांसही बंद झालं. शहागंजच्या देगेत म्हशीवर्गाचं किंवा शेळी-मेंढीचं मांस राहिलं. मटणाचा भाव गरिबाच्या लग्नाला परवडत नाही, एवढंच मित्र बोलला होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातल्या काही लेखांत माझ्या १९८८च्या वाक्यांची भावंडं मला भेटली : तोच वास, तीच तर्री, तोच सुसंस्कृत माणूस. माझा लेख त्यांनी वाचलेला नव्हता. वाचायची गरजच नव्हती.

लोकांना वाटेल की या सगळ्यानंतर मी कलिया खाऊ लागलो असेन. नाही. सत्तरी गाठली, अजून तो वास आला की पोट ढवळतं, आणि यात आता बदल होईल असं वाटत नाही. जीभ माझीच आहे, ती ज्या घरात वाढली त्या घराची आहे. नान मात्र महिन्यातून एकदा तरी आणतो. शहागंजला जातो, टॉवरचं घड्याळ चालू आहे की बंद ते पाहतो, आणि चार नान कागदात बांधून घेतो. घरी अळूचं फदफदं असेल तर त्याच्याबरोबर खातो; गुळाला गूळ भेटतो.

हा लेख छापायला देण्याआधी मित्राला वाचून दाखवला. त्याला मराठी उत्तम समजतं, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर दिसत नाही. दुष्काळाचा भाग ऐकताना तो काही बोलला नाही. अम्मीचा निरोप आला तेव्हा म्हणाला, "सहा नहीं, आठ थे. दो मैं रस्ते में खा गया." मी ते तसंच ठेवलं आहे, माझ्या घरी सहाच पोचले होते. नानच्या वर्णनाला मी पहिल्या खर्ड्यात केशराचं पाणी लिहिलं होतं. तिथं त्यानं मला थांबवलं. "केशर कायका? लोगां हसेंगे. हल्दी लिख."

हळद लिहिली. त्या मुलीला आता फोन करायचा आहे.